सायकच्या पोस्टिंगआधीचं सिम्युलेशन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बीएस्सी नर्सिंगचं पाचवं सेमिस्टर जवळ आलं की मुलामुलींचे तेच प्रश्न सुरू होतात, मॅडम सायकचं पोस्टिंग कसं असतं, पेशंट मारतात का, त्यांच्याशी बोलायचं काय, आणि आपण काही बोललो आणि त्यांचा त्रास वाढला तर? प्रश्न अगदी बरोबर आहेत, त्यांची लाज वाटायचं काही कारण नाही. २०२१ च्या नव्या सिलॅबसमध्ये मेंटल हेल्थ नर्सिंग, म्हणजे आपलं सायक, पाचव्या आणि सहाव्या अशा दोन सेमिस्टरमध्ये येतं, आणि नागपुरात शिकत असाल तर पोस्टिंग बहुतेक छिंदवाडा रोडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नाहीतर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या सायकॅट्री वॉर्डात लागतं. मनोरुग्णालय मोठं आहे, मंजूर खाटाच ९४०, राज्यात अशी जुनी सरकारी मनोरुग्णालयं चारच, बाकीची तीन ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. पहिल्या दिवशी त्या गेटातून आत जाताना पोटात गोळा येणारच. पण त्याआधी कॉलेजमध्ये सिम्युलेशन नीट केलं असेल तर तो गोळा तुमच्यापुरता राहतो, त्याचा त्रास पेशंटला होत नाही. ज्यांनी अजून एकही सेशन केलेलं नाही त्यांच्यासाठी हे सगळं सुरुवातीपासून लिहितेय.

आधी हे असतं काय ते समजून घ्या

फंडामेंटलच्या वेळी तुम्ही मॅनिकिनवर, म्हणजे माणसाच्या पुतळ्यावर, कॅथेटर टाकायला शिकलात, सीपीआर शिकलात. सायकमध्ये मॅनिकिनचा उपयोग फार कमी, कारण इथे शिकायचंय ते बोलणं, ऐकणं, कुठे उभं राहायचं ते, आणि कधी गप्प बसायचं ते. म्हणून इथे माणूसच पेशंट होतो, तुमच्यातलाच कुणी, सिनियर किंवा बाहेरून बोलावलेलं कुणी, आणि त्याला आधी स्क्रिप्ट देऊन तयार केलेलं असतं. याला स्टँडर्डाइज्ड पेशंट म्हणतात. ही पद्धत अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या न्यूरोलॉजिस्टने १९६३ मध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली, नंतर ती नर्सिंगमध्येही आली.

सायकमध्ये याची गरज इतर कुठल्याही पोस्टिंगपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे आणि त्याचं कारण साधं आहे. सलाईन चुकली तर हात सुजतो, लगेच दिसतं, सुई काढता येते. बोलणं चुकलं तर पेशंट नुसता गप्प होतो, आणि आपण फाईलवर लिहून मोकळे होतो की पेशंट कोऑपरेटिव्ह नाही. चूक आपली झाली हे आपल्याला कळतच नाही. ते कळण्याची एकच जागा म्हणजे लॅब, जिथे पेशंट झालेली मैत्रीण दहा मिनिटांनी तुम्हाला सांगू शकते की अगं तू घड्याळाकडे पाहिलंस ना, तिथेच मी बोलायचं थांबले.

तयारी: सेशनच्या आधीच्या आठवड्यात

एमएसई, म्हणजे मेंटल स्टेटस एक्झामिनेशन, पेशंटच्या मनाची तपासणी, पाठ असतंच सगळ्यांना, अपिअरन्स, स्पीच, मूड, थॉट, पर्सेप्शन, कॉग्निशन, इनसाइट, जजमेंट. अडचण पाठांतराची नाही, अडचण ही की हे प्रश्न पेशंटच्या भाषेत विचारता येत नाहीत. नागपूरला येणारे पेशंट चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा इकडचे, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडून येणारे हिंदी बोलणारे, काही घरी गोंडी बोलणारे. तिथे जाऊन 'आपली मनःस्थिती कशी आहे' असं विचारलं तर समोरचा 'बरी आहे' म्हणेल आणि विषय संपेल.

म्हणून एक वही घ्या आणि एमएसईचा प्रत्येक मुद्दा तुमच्या घरच्या बोलीत कसा विचाराल ते लिहून काढा. 'मनाले कसं वाटून राहिलं आजकाल?' 'आधी जे करायले आवडे ते आता करावंसं वाटते का?' 'हे सारं कायच्यानं होऊन राहिलं असं वाटते तुम्हाले?' हा शेवटचा प्रश्न म्हणजे इनसाइटचाच, पेशंटला आपल्या आजाराची जाणीव किती आहे त्याचा, आणि त्याच्या उत्तरात करणी, बाहेरची बाधा, देवाचा कोप असं काहीही येऊ शकतं, तेव्हा चेहऱ्यावर हसू येता कामा नये, याचीही प्रॅक्टिस करायची आहे. पेशंट 'काहीच गमत नाही जी' (करमत नाही) म्हणाला तर ते सोडून देऊ नका, विदर्भातला माणूस डिप्रेशनमध्ये असला तरी बरेचदा एवढंच बोलतो, पुढचं झोप, भूक, जगण्याचा कंटाळा हे आपणच हळूहळू विचारायचं असतं. ज्यांचं घर पश्चिम महाराष्ट्रात आहे किंवा जे इंग्लिश मीडियममधून आलेत त्यांनी वर्गातल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलींसोबत बसून हे करावं, एका संध्याकाळचं काम आहे.

दुसरं म्हणजे मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यातली निदान चार कलमं नीट वाचून या. कलम २३ पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचं, कलम ९५ कोणते उपचार करताच येत नाहीत त्याचं, जसं की भूल आणि मसल रिलॅक्संट न देता ईसीटी (मेंदूला विजेचे झटके) देता येत नाही आणि पेशंटला साखळीने बांधता येत नाही, कलम ९७ रिस्ट्रेंटचं, म्हणजे पेशंटला अडवण्या-बांधण्याचं, आणि कलम ११५ आत्महत्येच्या प्रयत्नाचं. यांचा उल्लेख पुढे येईल.

तिसरं कपडे आणि सामान. केस वर बांधलेले, कानात मोठं काही नाही, ओढणी असेल तर काढून ठेवायची, आयडी कार्डची दोरी ओढली की सुटणारी हवी नाहीतर कार्ड खिशाला लावा, खिशात कात्री, ब्लेड, काचेचे अँप्युल नाही. लॅबमध्ये कोण ओढणार आहे असं म्हणू नका, सवय लॅबमध्येच लागते.

प्रीब्रिफ: सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं

सिनारिओ, म्हणजे करून बघायचा ठरवलेला प्रसंग, सुरू व्हायच्या आधी ट्यूटर सगळ्यांना बसवून नियम सांगतात, त्याला प्रीब्रिफ म्हणतात. बरेच जण हे टाइमपास समजतात, पण माझ्या मते हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. यात काय काय ठरायला पाहिजे ते बघून घ्या, आणि ट्यूटरने सांगितलं नाही तर हात वर करून विचारा. खोली कोणती, पेशंट कुठे बसलाय, दार कुठे, तुमचा रोल काय, तुम्हाला पेशंटबद्दल आधी किती माहिती मिळणार, किती मिनिटं, शेवटी मार्क आहेत की नाही (शिकण्याच्या सेशनला मार्क नसलेलेच बरे), व्हिडिओ काढणार का आणि काढला तर तो कधी डिलीट होणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबवायचा शब्द. एखादा साधा शब्द ठरवायचा, 'टाइम आउट' चालेल, तो कुणीही उच्चारला की सिनारिओ तिथल्या तिथे बंद, का म्हणून विचारायचं नाही. याचं कारण असं की वर्गात बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी हेच सगळं घडून गेलेलं असू शकतं, कुणाचा काका गेलेला असतो, कुणाची आई अजून गोळ्या घेत असते, आणि ते कुणाला माहीत नसतं. ज्यांना त्या दिवशीचा विषय झेपणार नाही त्यांनी आधीच ट्यूटरला एकट्यात सांगावं, आणि ट्यूटर मंडळींनीही विषय आदल्या दिवशी जाहीर करावा, आत्महत्येचा सिनारिओ सरप्राइज म्हणून कधीच देऊ नये.

बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनने एक गृहीतक मांडलंय जे आता जगभर वापरतात, त्याचा सारांश असा की या सेशनमधला प्रत्येक जण हुशार आहे, मनापासून चांगलं काम करू पाहतोय आणि त्याला सुधारायचंय. हे फळ्यावर लिहून ठेवा, कारण सेशन झाल्यावर कँटीनमध्ये 'ती कशी घाबरली होती बघितलं का' सुरू झालं की पुढच्या वेळी कुणी पुढे येत नाही.

पेशंट कोण होणार आणि कसा होणार

यावर मला जरा जास्त बोलायचंय. पेशंटचा रोल मिळाला की मुलं पहिली गोष्ट करतात ती म्हणजे केस विस्कटायचे, डोळे मोठे करायचे, हातवारे, मोठ्याने हसणं, आणि वर्ग हसतो. ही सिरियलमधली नक्कल आहे. वॉर्डात गेल्यावर दिसतं की बहुतेक पेशंट शांत बसलेले असतात, कुणी खिडकीपाशी, कुणी चहाची वाट बघत, स्किझोफ्रेनियाचा पेशंट पंधरा मिनिटं तुमच्याशी संत्र्याच्या भावावर व्यवस्थित बोलू शकतो आणि मग एकच वाक्य असं बोलतो की तुम्हाला कळतं. नक्कल करून शिकलात तर हे एक वाक्य तुमच्या कानावरून निसटणार.

म्हणून रोल करणाऱ्याला स्क्रिप्ट द्यायची ती आजाराची नाही, माणसाची द्या. नाव (बनवलेलं), वय, गाव, घरी कोण, काम काय, आज सकाळपासून काय काय झालं, त्याला आत्ता काय हवंय (बहुतेक वेळा घरी जायचं असतं किंवा घरच्यांशी फोनवर बोलायचं असतं), कशाची भीती वाटते, आणि मग लक्षणं, तीही दोनच. नर्सने काय केलं की हा मोकळा होईल आणि काय केलं की बंद होईल हेही आधीच लिहून द्यायचं, उदाहरणार्थ नर्स खुर्ची घेऊन शेजारी बसली तर दोन वाक्यं जास्त बोल, उभ्यानेच प्रश्न विचारले तर फक्त 'हो' आणि 'नाही'. यामुळे सगळ्यांना सारखा पेशंट मिळतो. खऱ्या पेशंटची केस ओळखू येईल अशी उचलू नका, गाव आणि घरचा तपशील तरी पूर्ण बदला, कलम २३ लक्षात ठेवा.

अजून एक, पेशंट होण्यातच जास्त शिकायला मिळतं असं मला वर्षानुवर्षं दिसलंय. चार जण डोक्याशी उभे राहून तुमच्याबद्दलच बोलतायत आणि तुमच्याकडे कुणी बघत नाहीये, हे खुर्चीत बसून अनुभवलं की राउंडच्या वेळी तुम्ही वेगळ्या उभ्या राहता. तेव्हा पेशंटचा रोल टाळू नका, प्रत्येकाने एकदा तरी करा.

कोणते सिनारिओ करायचे

पहिला सोपा घ्या, आवाज ऐकू येणारा पेशंट. तुम्ही गोळ्या द्यायला गेलात, तो मधेच कोपऱ्याकडे बघतो, ओठ हलवतो. करायचं काय? वाद घालायचा नाही की असं काही नसतंच, आणि हो मलाही ऐकू येतंय असंही म्हणायचं नाही. 'मले तो आवाज येत नाही दादा, पण तुम्हाले येऊन राहिला आणि त्याचा तरास होऊन राहिला हे दिसते मले', एवढं. मग न चुकता विचारायचं की आवाज काय सांगतो, कुणाला मारायला किंवा स्वतःला काही करून घ्यायला सांगतो का, कारण हुकूम देणारा आवाज असेल तर ते लगेच सिस्टरना आणि डॉक्टरांना कळवायचं, वाट बघायची नाही. काही कॉलेजमध्ये हेडफोनवर कुजबुजीचं रेकॉर्डिंग लावून फॉर्म भरायला लावतात, चांगला अनुभव आहे, पण एकटाच करू नये. संशोधनात असं दिसलंय की त्याने सहानुभूती वाढते पण अशा पेशंटपासून लांब राहावं असंही काहींना जास्त वाटायला लागतं. म्हणून त्यानंतर बरं होऊन घरी-कामावर गेलेल्या एखाद्या व्यक्तीशी, तिची तयारी असेल तर, गप्पा ठेवाव्यात.

दुसरा सिनारिओ विदर्भात टाळताच येत नाही. यवतमाळकडचा कापूसवाला शेतकरी समजा, चाळिशीतला, फवारणीचं औषध घेतलं होतं, मेडिसिन वॉर्डात वाचला, आता सायकॅट्रीचा रेफरन्स आहे, बाजूला बायको बसलीय आणि तिला वाटतंय पोलीस केस होणार. तुम्ही पहिल्यांदा त्याच्याजवळ जाताय.

इथे मुली हमखास काय म्हणतात ते सांगते, 'काका असं करायचं नाही, मुलांकडे बघा, सगळं ठीक होईल'. मनापासूनच म्हणतात. पण त्या माणसाने मुलांकडेच बघत बघत रात्री काढल्या आहेत, त्याला वाटतं हिला काही सांगून उपयोग नाही. त्यापेक्षा खुर्ची घ्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, नाव सांगा, आणि गप्प बसायची तयारी ठेवा. अर्धं मिनिट गप्प बसणं लॅबमध्ये घड्याळ लावून करून बघा, फार लांब वाटतं, पण बरेचदा त्यानंतरच पेशंट बोलतो. मग सरळ विचारा, आडून आडून नाही: 'काका, अजूनही जीव द्यावा असं मनात येते का?' विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते ही भीती सगळ्यांना असते पण ती खरी नाही, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. 'हो' म्हणाला तर पुढे जायचं, कसं करायचं ते मनात ठरलंय का, कधी करायचं ठरवलंय का, ते सामान हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, आणि कशामुळे थांबलात. कशामुळे थांबलात हा प्रश्न विसरू नका, तिथे त्याच्या आधाराची जागा सापडते.

'कुणाला सांगू नका सिस्टर' असं तो म्हणणारच, स्क्रिप्टमध्ये हे वाक्य मुद्दाम टाका. तेव्हा खोटं वचन द्यायचं नाही. 'तुमची गोष्ट चौकात नाही सांगणार काका, पण तुमचा जीव सांभाळायचा तर डॉक्टरसायबाले आणि आमच्या सिस्टरले सांगावंच लागते', असं स्पष्ट सांगायचं आणि त्याला एकटं सोडून सांगायला धावायचं नाही, आधी कुणाला तरी जवळ बोलवायचं. बायकोला कलम ११५ साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, की कायदा असं धरून चालतो की माणूस तीव्र ताणात होता, म्हणून त्याला शिक्षा नाही आणि त्याच्यावर उपचार, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. आणि डिस्चार्जच्या वेळी टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, कागदावर लिहून द्यायचा, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

तिसरा, चिडलेला पेशंट. याचीच सगळ्यांना भीती असते. खोलीत जाताना दार तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असू द्या, पण पेशंटची बाहेर जायची वाट अडवून उभं राहू नका, कोंडल्यासारखं वाटलं की कुणीही उसळतो. दोन हातांचं अंतर, समोर छाती काढून नाही तर थोडं तिरकं उभं राहायचं, हात दिसतील असे मोकळे, खिशात नाही, घडी घातलेले नाहीत. बोलणार एकच जण. हे लॅबमध्ये मुद्दाम तपासा, कारण घाबरले की चौघीही एकदम बोलतात, एक म्हणते बसा, दुसरी म्हणते शांत व्हा, तिसरी म्हणते डॉक्टरांना बोलवू का, आणि पेशंट आणखी चिडतो. 'शांत व्हा' हे वाक्य तर काढूनच टाका, त्याऐवजी 'खूप राग आलाय तुम्हाले, काय झालं ते सांगा, मी ऐकून राहिली' म्हणा. आवाज खाली ठेवा, वाक्यं छोटी, आणि निवडायला काहीतरी द्या, इथे बसायचं की व्हरांड्यात, पाणी हवंय की चहा. बघ्यांची गर्दी हटवणं हेही एकीचं कामच आहे. मदत लवकर बोलवा, हात उगारल्यावर नाही.

इथेच रिस्ट्रेंट येतं. कलम ९७ सांगतं की पेशंटला एकांतात कोंडून ठेवता येत नाही, आणि शरीराने अडवणं किंवा बांधणं हे फक्त तेव्हाच, जेव्हा पेशंटला किंवा दुसऱ्याला तात्काळ होणारी इजा टाळायला दुसरा काहीच मार्ग उरलेला नाही, तेही इनचार्ज सायकॅट्रिस्टच्या परवानगीने, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही, कारणासकट नोंद करून, आणि २४ तासांच्या आत नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला, म्हणजे पेशंटच्या वतीने नेमलेल्या माणसाला, कळवून. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून बांधणं कायद्याने चालत नाही. लॅबमध्ये सॉफ्ट रिस्ट्रेंट बांधायला शिका, पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, उब, नाडी बघायची, पाणी आणि लघवीचं विचारायचं. ज्यांची तयारी आहे त्यांनी ट्यूटर समोर असताना पाच मिनिटं स्वतः बांधून घ्यावं. नाकाला खाज आली की कळतं.

पुढचे दोन बोलण्यापेक्षा ओळखण्याचे आहेत. मे महिना, नागपुरात पारा ४५ च्या आसपास, लग्नाच्या वरातीतून आणलेला पेशंट, हात जोरात थरथरतायत, उलट्या, जुलाब, तोल जातोय, बोलणं अडखळतंय, आणि सगळे म्हणतायत दारू प्यायलाय. तुम्ही विचारलं पाहिजे की कोणत्या गोळ्या सुरू आहेत. बायपोलरसाठी लिथियम घेणारा माणूस उन्हात घाम गाळत पाण्याशिवाय राहिला की रक्तातलं लिथियम वाढतं, नेहमीची लेव्हल साधारण ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर, १.५ च्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात. गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, लेव्हल आणि किडनीच्या टेस्टची तयारी ठेवायची. आपल्याकडचा हा उन्हाळ्याचा सिनारिओ आहे आणि एप्रिलच्या आधी प्रत्येक बॅचने तो केलाच पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

दुसरा म्हणजे ऑर्थो वॉर्डात फ्रॅक्चर म्हणून भरती झालेला, तिसऱ्या दिवशी अचानक चादरीवरचे किडे झटकायला लागलेला पेशंट. शेवटची दारू कधी घेतली हे कुणी विचारलेलंच नसतं. दारू अचानक बंद झाली की थरथर पहिल्या काही तासांत, फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत, आणि डेलिरियम (भान हरपून भास होणं) ४८ ते ९६ तासांत येतो, हे डोक्यात पक्कं ठेवा, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१).

हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर मान वाकडी होऊन डोळे वर जाणं हेही एकदा करून बघा, नातेवाईक म्हणतात अंगात आलं, पण ती डिस्टोनिया, म्हणजे औषधामुळे स्नायू आखडणं, असते आणि औषधाने काही मिनिटांत उतरते.

डीब्रिफ: खरं शिकणं इथे

सिनारिओ दहा मिनिटांचा असेल तर डीब्रिफला, म्हणजे नंतर बसून त्यावर बोलायला, निदान वीस द्या. वेळ कमी पडला तर एक सिनारिओ कमी करा पण डीब्रिफ कापू नका.

आधी रोल उतरवायचा. पेशंट झालेल्याने शाल-चादर काढायची, जागा बदलायची आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं, मी अमुक, थर्ड इयर. हे करताना हसू येतं पण करा, विशेषतः आत्महत्येच्या सिनारिओनंतर, नाहीतर ती उदासी दिवसभर अंगावर राहते. मग पहिली बोलणार नर्स झालेली, कसं वाटलं एवढंच, मग पेशंट झालेला, आणि बघणारे सगळ्यात शेवटी. बघणाऱ्यांनी निकाल द्यायचा नाही, दिसलं ते सांगायचं आणि विचारायचं: 'काका रडायला लागले तेव्हा तू पाण्याचा ग्लास पुढे केलास, मला वाटलं त्याने बोलणं तुटलं, तुझ्या मनात तेव्हा काय होतं?' तिचं उत्तर ऐका, बरेचदा ती म्हणते मला त्यांचं रडणं बघवत नव्हतं, आणि मग सगळ्यांनाच कळतं की ग्लास पेशंटसाठी नव्हता, स्वतःसाठी होता. एवढं कळलं की पुढचं लेक्चर लागत नाही.

जमलं तर तोच सिनारिओ लगेच परत करा, दुसऱ्या नर्ससोबत नाही, त्याच मुलीसोबत. ती जी सुधारून दाखवते त्याने तिचा जो विश्वास वाढतो तो मार्कांनी वाढत नाही.

सेशननंतर रात्री झोप आली नाही, सारखं तेच आठवत राहिलं, तर ट्यूटरशी किंवा कॉलेजच्या काउन्सेलरशी बोला, १४४१६ तुमच्यासाठीही आहे. नर्सिंगला आलो म्हणून आपण दगड झालेलो नाही.

लिहिणं

त्याच दिवशी प्रोसेस रेकॉर्डिंग लिहा, पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला तेव्हा काय वाटत होतं, आता काय वेगळं म्हणेन, चार रकाने. पेशंटचे शब्द जसेच्या तसे, वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीतच. नर्सेस नोट लिहिताना 'पेशंट ॲग्रेसिव्ह होता' असं न लिहिता त्याने काय केलं ते लिहा, ताट फेकलं, दोनदा दारावर हात मारला, 'मले घरी जाऊ द्या' म्हणाला. पहिलं वाक्य वाचून पुढच्या शिफ्टची सिस्टर घाबरते, दुसरं वाचून तिला कळतं की याला घरच्यांशी फोन लावून दिला पाहिजे. हँडओव्हर एसबारनेच द्यायची सवय करा, परिस्थिती, मागची हिस्ट्री, तुमचं निरीक्षण, आणि काय हवंय, एका मिनिटात.

कॉलेजमध्ये लॅबच नसेल तर

बऱ्याच कॉलेजमध्ये सायकची वेगळी लॅब नाही, आरशाची खोली नाही, कॅमेरे नाहीत. अडत नाही. एक रिकामा वर्ग, एक पलंग किंवा दोन बेंच जोडून, दोन खुर्च्या, एक चादर, आणि चार जणी, एक नर्स, एक पेशंट, एक नातेवाईक, एक फक्त बघणारी जिच्या हातात वही. नातेवाईकाचा रोल गाळू नका, आपल्याकडे पेशंट एकटा क्वचितच येतो आणि अर्धी उत्तरं बायको नाहीतर भाऊच देतो, त्यांना न दुखावता 'मी जरा काकांशी बोलते, मग तुमच्याशी बोलते' असं म्हणता येणं हेही शिकायचं कौशल्य आहे. आवाज रेकॉर्ड केला तर ऐकून लगेच डिलीट, ग्रुपवर टाकायचा नाही, स्टेटसला तर अजिबात नाही. आत्महत्येचा आणि रिस्ट्रेंटचा सिनारिओ मात्र ट्यूटरशिवाय होस्टेलवर करू नका, बाकीचे खुशाल करा.

पोस्टिंगच्या आदल्या रात्री सगळं पुन्हा वाचत बसायची गरज नाही. वहीतली बोलीतली प्रश्नांची पानं एकदा बघा, केस बांधायचं रबर आणि दोरीशिवायचं आयडी बॅगेत टाका, आणि वॉर्डात गेल्यावर पहिल्या दिवशी एकाच पेशंटजवळ बसायचं ठरवा, फाईल न उघडता, नाव सांगून, जेवण झालं का विचारून.